नाल्यातली रांग

ऐका. मधे बोलू नका. भीती वाटेल त्याने देवाचे नाव घ्यावे, पण ऐकावे.

दिवाळीच्या सुट्टीत शहरातली मुले आपल्या आंबेदऱ्यात श्रमदानाला आली होती. नाल्यावर दगडी बांध घालायचा, पाणी अडवायचे. काम पुण्याचे, नाही कोण म्हणतो? पण त्यांच्यात सुधन्वा नावाचा एक होता. त्याला पाण्याची नव्हे, नावाची तहान. उद्या बांध बघायला पाहुणे यायचे, आणि बांध दोन हात अपुरा! दिवेलागणीला सगळे परतले. हा कपाळाला बॅटरी बांधून एकटा निघाला.

स्वयंपाक करणाऱ्या भागुआत्या ओरडल्या, "अरे शहाण्या, दुष्काळात त्या नाल्यात कामावरची माणसं दरडीखाली गेली. अंधारात तिथं कुत्रंसुद्धा उतरत नाही!"

"मग कुत्र्यापेक्षा मी बरा, आत्या."

"तेवढं सांगायला परत ये म्हणजे झालं!"

नाल्यात उतरतो, तो काय! माणसांची रांग उभी. हातोहात घमेली चाललेली. हूं नाही, चूं नाही. त्याला वाटले, गावकरी मदतीला आले. रांगेत एक जागा मोकळी होती. तो तिथे उभा राहिला. उभा राहिला, मंडळी! जागा कोणासाठी ठेवली आहे, हे न विचारता.

घमेले आले, पुढे दिले. आले, दिले. दगड ओले, गार. मग जड. मग इतके जड, की खांदे निखळावेत. थांबावे म्हटले, तर हात थांबेनात! मान वळवली. उजेड शेजाऱ्यावर पडला. तोंडात माती. डोळ्यांच्या जागी माती. खाली पाहतो, तर आपणच दिलेले दगड आपल्याच पायांभोवती रचले जात आहेत. घोटे गेले. गुडघे गेले. कंबर गेली.

तेव्हा रांगेच्या टोकाला उभा असलेला मुकादम बोलला, अगदी मायेने: "बांध पुरा होतोय, बाळा. वर तुझंच नाव कोरतो. सांग, काय नाव?"

इथे भलेभले बुडतात, ऐका! नाव त्याच्या ओठांवर आले. जन्मभर हेच तर हवे होते. तोच छातीला दगड टेकला, आणि त्याला रडू फुटले.

"नको! माझं नाव नको! काम देवाचं, नाव देवाचं!"

रांग थबकली. क्षणभरच. तेवढ्यात त्याने अंग उपसले. नखे तुटली, एक बूट आतच राहिला, पण तो रांगत काठावर आला. मागून कोणी धावले नाही. फक्त घमेली पुन्हा चालू लागली.

सकाळी बांध पुरा होता. पाहुणे आले, टाळ्या झाल्या. सुधन्वा फोटोला उभा राहिला नाही. दगडांच्या सांधीतून त्या बुटाची नाडी अजून लोंबते. कोणी ओढत नाही.

सेवा करा. दिवसा करा, मान खाली घालून करा. अंधारात त्या नाल्याची वाट धरू नका. कोणी कामाला हाक मारली तरी नाही.

उठा आता. देवाला हात जोडा, आणि वरच्या वाटेने घरी जा. लांब पडली तरी वरच्याच वाटेने.