घरात माणसं किती?

...आणि नाव-गाव भरून होतंय न होतंय तोच पुढचा प्रश्न काय असावा, तर घरात माणसं किती! अहो, मी विमा मागायला आलोय, लग्नाची पंगत बसवायला नाही! तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली, हत्तीएवढाली मशिनं फिरवली, कधी कुठं अडलो नाही, पण त्या एका प्रश्नापाशी माझं बोट जे थांबलं ते थांबलंच. शेजारी जोलीन बसलेली, ती आपली चष्म्यातून बघतेय. म्हणाली, "डेल, सोपा आहे हो हा. अवघड पुढे आहेत."

जोलीन म्हणजे आमच्या चर्चच्या तळघरात बसते ती. नोव्हेंबर लागला की लोकांचे आरोग्यविम्याचे अर्ज कॉम्प्युटरवर भरून देते, फुकट. आता तळघर म्हणजे कसं, इकडे जोलीनचं टेबल, तिकडे कॉफीची किटली, आणि मधे हरणाच्या शिकारीला निघालेलं अख्खं गाव, नारिंगी टोप्या घालून, लिंबाच्या वड्या खात उभं. म्हणजे तुमचं हृदय, तुमची कमाई, तुमची बायको, सगळं वड्यांबरोबर वाटलं जाणार. कुणी ऐकत नाही हं तसं. आमच्या विस्कॉन्सिनात कुणी कुणाचं ऐकत नाही. सगळे फक्त गप्प होतात.

आता मी तिथं का गेलो? तर वसंतात गिरणी बंद पडली आणि गिरणीबरोबर विमाही गेला. मागच्याच वर्षी माझ्या छातीत स्टेंट बसवलाय. पासष्टी गाठली की सरकार तुम्हाला पदरात घेतं, पण मी एकसष्टचा, म्हणजे मधल्या मधे लोंबकळणारा. विमा स्वतःचा स्वतः घ्यायचा तर त्याचा हप्ता... जाऊ दे, हप्त्याचा आकडा बघून दुसरा स्टेंट लागायचा. मग जोलीननं समजावलं, की टॅक्स क्रेडिट म्हणून एक सवलत असते. हप्त्यातला काही भाग सरकारच भरतं, दर महिन्याला, थेट विमा कंपनीला. कुणाला किती, ते दोन गोष्टींवर. पुढच्या वर्षी तुम्ही कमावणार किती, आणि घरात माणसं किती.

पुढच्या वर्षी किती कमावणार! आता गिरणी गेल्यापासून मी बर्फ उडवायची यंत्रं दुरुस्त करतो, गॅरेजात. बर्फ पडला तर यंत्रं मोडणार, यंत्रं मोडली तर मी कमावणार. म्हणजे देवाला विचारायला पाहिजे की नाही? तर जोलीन म्हणते, अंदाज लिहा, कमी-जास्त झालं तर वर्षाच्या शेवटी टॅक्स भरताना हिशेब होतो, जास्त घेतलं असेल तर परत करायचं. बरं, लिहिला अंदाज. आणि पुन्हा वर येऊन काय, तर घरात माणसं किती!

मी म्हटलं, एक. आणि एक कुत्रा. कुत्रा धरत नाहीत.

"आणि आर्डिस?" जोलीननं हळूच विचारलं. झालं, तळघर गप्प. किटलीसुद्धा उकळायची थांबली.

आर्डिस म्हणजे माझी बायको. चार वर्षांपूर्वी तिची बहीण लव्हर्न तिकडे ग्रीन बे शहरात जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून आर्डिस पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे गेली. लव्हर्नचा खुबा केव्हाच जुळला. आता ती दर गुरुवारी पोल्का नाचायला जाते. आर्डिस काही आली नाही. भांडण? छे! भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी बोलणं झालं असतं. मी विचारलं नाही, कारण वाटलं, सांगायचं असेल तर सांगेल. तिनं सांगितलं नाही, कारण तिला वाटलं असणार, विचारायचं असेल तर विचारेल. आमच्याकडे असंच असतं. तोंडावर असलं काही काढणं वाईट दिसतं. रविवारी फोन होतो. हवा कशी, बरी. तब्येत कशी, तशी वाईट नाही. ठेवते मग. आणि मग आठवडाभर मी आणि ते घर. तुम्हाला सांगतो, स्वयंपाकघरात दोन खुर्च्या आहेत आणि मी अजून माझ्याच खुर्चीवर बसतो. तिच्यावर टपाल ठेवतो.

मग टॅक्सचं काय केलं? तर दरवर्षी त्या कागदावर 'विवाहित, पण वेगळा भरणार' या चौकोनात खूण करायचो. का? तर एकत्र भरायचा म्हणजे तिची सही लागणार, सही मागायची म्हणजे फोनवर विषय निघणार, आणि विषय काढायचा नाही म्हणून तर इतकी वर्षं घालवली!

जोलीननं ते ऐकलं आणि चष्मा काढला. "डेल, त्या चौकोनात असाल तर एक पैसाही मिळणार नाही. लग्न झालेल्यांनी एकत्रच भरायला पाहिजे, नियमच आहे तसा." मी म्हटलं, अगं, पण ती राहते ग्रीन बेला! तर म्हणे, "सरकारच्या दृष्टीनं तुमच्या घरात दोन माणसं आहेत." मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं तसं. भले टॅक्सवाले का असेनात!

पण जोलीन थांबते कुठं? म्हणाली, आर्डिस सदुसष्टची, तिला सरकारी विमा आहे, पण तिची शाळेची पेन्शन तुमच्या कमाईत मिळवली की तुमची सवलत निम्म्याच्याही खाली येते. मग आवाज इतका खाली आणला की टोप्या पुढे झुकल्या. "पुढच्या वर्षी डिसेंबर संपायच्या आत कायद्यानं वेगळे झालात, तर तुम्ही एकटे धरले जाल आणि सवलत भरपूर मिळेल. मी सांगत नाहीये तसं करा म्हणून. फक्त हिशेब सांगतेय."

म्हणजे बघा! एकट्याला सवलत जास्त! मी म्हटलं, विचार करून सांगतो, आणि दोन वड्या खिशात घालून निघालो.

शनिवारी गेलो ग्रीन बेला. लव्हर्ननं दार उघडलं, आर्डिसनं कॉफी ठेवली. मग कुठल्या रस्त्यानं आलास, तिकडून का नाही आलास, हरणं दिसली का, शेजाऱ्यांच्या छपराचं काय झालं... दोन तास! विषय माझ्या घशात, आणि मी छपराबद्दल बोलतोय! आता आमच्याकडे खरं बोलणं निघतं ते दारात, बूट चढवताना, जेव्हा एकमेकांकडे बघावं लागत नाही. तर मी खाली वाकलो आणि बुटांना सांगितलं, "आर्डिस, विम्यासाठी टॅक्सचं काहीतरी ठरवायला लागेल."

तिनं दार जरासं लोटून घेतलं. मग म्हणाली, "लव्हर्न म्हणत होती, आपण कायद्यानं वेगळे झालो तर तुला पुष्कळ सवलत मिळेल. तुझ्या हृदयाचा प्रश्न आहे, डेल. मी देईन सही. माझं काही अडत नाही."

अडत नाही! मंडळी, तिचा चांगुलपणा बघा. मला वाचवायला मला सोडायला तयार! आणि मी अजून खालीच बघतोय. बुटाची गाठ केव्हाच बसली होती, मी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"नाही," मी म्हटलं. "जोलीननं दोन्ही मांडून बघितलं. एकत्रच परवडतं."

"नक्की?"

"नक्की."

"मग ठीक आहे," म्हणाली. मी उभा राहिलो तेव्हा तिनं माझ्या टोपीची कानपट्टी नीट केली. "फेब्रुवारीत ये टॅक्सच्या सहीला. रस्ता बघून ये. आणि जेवायलाच ये." चार वर्षांत पहिल्यांदा जेवायला बोलावलं हो तिनं! परतीच्या वाटेवर मी गाडीचा रेडिओसुद्धा लावला नाही, उगाच मधे कुणी बोलायला नको.

सोमवारी पुन्हा तळघर, पुन्हा टोप्या, पुन्हा तो प्रश्न. घरात माणसं किती? मी बोट उचललं आणि दोन दाबलं, असं खणखणीत! जोलीन दचकलीच. "अहो डेल, चुकताय तुम्ही. यात दर महिन्याला तुमच्या खिशातून कितीतरी जास्त जाणार. परवा मी समजावलं ते लक्षात नाही आलं का?" मी म्हटलं, नाही बाई, आपल्या डोक्यात शिरत नाही हे टॅक्सबिक्स. तिनं बिचारीनं पहिल्यापासून पुन्हा सगळं समजावलं. मी मान हलवत बसलो आणि पुन्हा दोनच दाबलं.

आता गावभर झालंय, की डेल माणूस चांगला, हातात कसब आहे, पण विम्याच्या हिशेबात अगदीच ठोंब्या. म्हणू देत. कळतं म्हणालो, तर मग कारण सांगावं लागेल.