चार वर्षं दडवलेला रिपोर्ट

“डीएनए दुरुस्त करणारं प्रथिनच बिघडलं तर?” मैत्रिणींनी पैज लावून विचारायला सांगितलेला प्रश्न त्या शाळकरी मुलीने दवाखान्यात आईचं रक्त घेणाऱ्या बाईंना विचारलाच.

“मग पेशी बेलगाम वाढून कॅन्सर होऊ शकतो. तो दोष आईकडून मुलीकडेही येतो कधीकधी, म्हणून ही तपासणी.”

मागच्या बाकावर दोन अनोळखी बहिणींची जुंपली होती.

“ताई, तुझ्यात हा दोष चार वर्षांपूर्वी निघाला, आणि मला सांगतेस आज? मला गाठ झाल्यावर?”

“तुझं लग्न मोडलं असतं गं!”

“मोडलं असतं तर मोडलं असतं! जीव माझा होता ना?”

“आपली आईच म्हणाली, गप्प बस.”

“आणि तू बसलीस!”

“तिकडे लक्ष देऊ नकोस,” बाबा मुलीच्या कानात कुजबुजले.

“देणार!” ती म्हणाली. “आईचा रिपोर्ट माझ्यासमोर उघडायचा. आणि अठराची झाले की माझी तपासणी मी करून घेणार, सांगून ठेवते दोघांना!”