अज्जांची गाडी भिंतीवर नाही जाणार

हॅलो? … हॅलो, कोण? … आत्या! अगं, सावनीच बोलतेय. आवाज बदललाय? सर्दी नाही गं, ओरडून ओरडून घसा बसलाय… सांगते ना, सगळं सांगते. धारवाडला पाऊसपाणी ठीक? … बरं बरं, ते नको. बोल.

… काय? कोण म्हणालं? … अंबूताई! वाटलंच मला. शेजारी राहतात आणि बातमी वीस किलोमीटरवर तुला देतात! आम्हाला विचारायचं की कुंपणावरून… नाही गं आत्या, घरात दारू नाही गाळत कुणी! तुझा भाऊ चहासुद्धा अर्धा कप घेतो, तो दारू गाळणार?

… वास आला, हो. गल्लीभर आला, तेही खरं. पण ते स्पिरिट होतं. आपल्याच दुकानातलं. दुर्गदबैलच्या बाजारातल्या दुकानात तू लहानपणी लाखेचा चपडा मोजून द्यायचीस ना गिऱ्हाइकाला? तेच, पॉलिशवाले सुतार न्यायचे ते स्पिरिट… कशात घातलं म्हणजे? गाडीत. अज्जांच्या, तुझ्या बाबांच्या फटफटीत… अगं, पेट्रोलच्या टाकीत!

… हॅलो? … आहेस का?

… हो, हो… अगं ऐक ना! डोकं ठिकाणावर आहे माझं. सबंध सुट्टी अप्पा आणि मी ते इंजिन खोललं होतं. सिलिंडरचा बोअर तारिहाळच्या वर्कशॉपमध्ये जाऊन करून आणला, रिंगा नव्या घातल्या, व्हॉल्व्ह मी घासले. मी एकटीनं. इंजिनाच्या डोक्याखालची तांब्याची चकती आईच्या गॅसवर लालबुंद करून पाण्यात बुडवली, म्हणजे ती मऊ होते… नाही, आईला तेव्हा नाही सांगितलं… नंतरही नाही. तू नको सांगूस.

… स्पिरिट कशाला? कारण ते उसाचं असतं, आत्या! हे बघ. पेट्रोल म्हणजे जमिनीच्या पोटात लाखो वर्षं गाडलेलं बाहेर काढायचं आणि त्याचा धूर हवेत सोडायचा. तो परत खाली जात नाही. ऊस काय करतो? वाढताना हवेतलंच ओढून घेतो. आपण जाळला की तेवढंच हवेला परत. पुढच्या साली नवा ऊस पुन्हा ओढून घेतो. हवेचं हवेला!

… मी म्हटलं तेच श्रीहर्ष सरांना वर्गात. ते म्हणाले, सावनी, उसाला खत लागतं, ट्रॅक्टरला डिझेल लागतं, स्पिरिट गाळायला भट्टी पेटवावी लागते, ते कोण धरणार? बरोबर शून्य नाही येत… हो, मान्य केलं मी. भर वर्गात. पण मी विचारलं, सर, शून्य येत नाही म्हणून कमीसुद्धा करायचं नाही का? … हसले. सरकारसुद्धा पेट्रोलमध्ये थोडं थोडं मिसळायला निघालंय म्हणे. मग मी काय वेगळं केलं? मी पूर्ण टाकी भरली, एवढंच.

… उद्धट नाही गं. खरंच नाही. आवाजच मोठा आहे माझा.

… भुवई? भुवईचं कुणी सांगितलं? … अंबूताईंना दुर्बीण घेऊन दे कुणीतरी! … डावी. अर्धीच. येते परत, आई म्हणाली. स्पिरिटच्या ज्योतीला उन्हात रंगच नसतो, दिसतच नाही ती. मी वाकून बघत होते पेटलंय का, आणि पेटलेलंच होतं! … अप्पांनी ओलं पोतं टाकलं की लगेच. आता बादलीभर पाणी शेजारी असतं. काळजी करू नकोस… बरं, कर. पण थोडी कर.

… का पेटलं ते नको विचारूस. हसशील. … नाही सांगत. … बरं, ऐक, पण अप्पांना चिडवायचं नाही. कार्ब्युरेटरमध्ये बुचाचा एक तुकडा तरंगत असतो. बाटलीला असतं ना, तसलं बूच. तो तरंगून वर आला की इंधन यायचं थांबतं. अज्जांच्या वेळचं बूच झिजलं होतं, पेट्रोल प्यायचं. अप्पा म्हणाले, त्यावर आपल्या दुकानातल्या चपड्याचा हात देऊ. एक नंबरचा चपडा! तीन हात दिले. काय चमकत होतं म्हणून सांगू, काजूकतलीवर वर्ख लावल्यासारखं. आणि मग आम्ही टाकीत काय भरलं? … हां! स्पिरिट!

… हस, हस. तीन पिढ्या आपण चपडा कशात विरघळवून विकतो? स्पिरिटमध्ये! बरणीवर अज्जांच्या हातची चिठ्ठी आहे! आणि घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. चपडा विरघळला, बूच फुगून बुडालं, आणि नळ सोडल्यासारखं स्पिरिट कट्ट्यावर वाहिलं आणि किक मारताच ठिणगीनं पेटलं. आणि हे नेमकं गाडी बघायला आलेल्या हॉटेलवाल्या महादेवअण्णांच्या समोर. त्यांना पोट धरून हसताना बघायला हवं होतंस.

… आता? आता दोन नळ्यांतला गोंद एकत्र करून लावलाय. तो स्पिरिटला भीक घालत नाही. रात्रभर वाटीत बुडवून ठेवलं होतं, सकाळी तस्सं. आणि पेट्रोलपेक्षा स्पिरिट जास्त जातं, म्हणून आतलं भोक थोडं मोठं केलंय. काल चालली, आत्या. शप्पथ. अर्धा तास चालली.

… काय? … आज? आजच येणार महादेवअण्णा? … गाडी द्यायचा शब्द दिलास तू त्यांना? आम्हाला न विचारता?

… हो, माहीत आहे, गाडी तुझ्या नावावर आहे. अज्जांनी तुला दिली. म्हणूनच तुझ्याशी भांडतेय ना! अप्पा भांडणार नाहीत, तू मोठी बहीण आहेस त्यांची. मी भांडणार… आत्या, तुला माहीत आहे का ते काय करणार आहेत? बायपासच्या नव्या हॉटेलात गल्ल्याच्या वर भिंतीवर टांगणार. इंजिन पोकळ करून आत दिवा लावणार! लाल! … तुला सांगितलं नाही ना? मला सांगितलं, मोठ्या कौतुकानं. 'छलो काणतद', म्हणे, छान दिसेल. इडली खाता खाता लोक बघतील… मी घासलेले व्हॉल्व्ह भंगारात!

… नाही. नाही देणार. … रागव. रागव पाहिजे तेवढं. दहावीचा अभ्यास मी करीन, भुवई मी वाढवीन, आईला तांब्याच्या चकतीचंही सांगीन. पण गाडी नाही देणार.

… थांब. टेम्पोचा हॉर्न. … आलेच बघ. दोन माणसं आणि दोरखंड घेऊन.

… फोन नाही देत त्यांना. आधी माझं ऐक. एक पैज. त्यांना गाडी सुरू करू दे. झाली तर घेऊन जाऊ देत, मी दोर बांधायला मदत करते. नाही झाली, आणि मग मी केली, तर तू त्यांना नाही म्हणायचं. कबूल? … 'बघू' नाही. कबूल की नाही ते सांग… अगं, चालतच नाही म्हणतेस ना? मग घाबरतेस कशाला?

… झालं! अप्पा, ऐकलंत? आत्या कबूल म्हणाली!

बर्री महादेवअण्णा, या, बर्री! किक होडीरी, मारा किक! … आत्या, ठेवू नकोस, मी वायर ताणून उंबऱ्यापर्यंत आलेय, सगळं दिसतंय. चप्पल काढली त्यांनी… नाही, परत घातली. मारली. काही नाही. … दुसरी. काही नाही. … घाम पुसतायत. … आई गं! उलटी किक बसली! नाचतायत एका पायावर! … लागलं नाही फार. पोटरी चोळतायत. 'आगल्ल' म्हणतायत, होणार नाही म्हणे. ह्या इंजिनात जीवच नाही, भिंतीलाच बरी.

… मी हसत नाहीये. थोडी हसतेय.

आता मी. … अप्पा नाही, मीच. रिसीव्हर कट्ट्यावर ठेवतेय हं. ठेवू नकोस!

…

हॅलो? आहेस? … नाही गं, अजून नाही. प्लग काढून आत दोन थेंब पेट्रोल सोडलं. स्पिरिट गार असताना पेटत नाही लवकर, त्याला आधी जरा लाडीगोडी लागते… त्यांना का नाही सांगितलं? त्यांनी विचारलं कुठे? इंजिन पाहिजे असतं तर विचारलं असतं. त्यांना भिंतीचं चित्र पाहिजे होतं. … आणि हो, पेट्रोल तेवढे दोनच थेंब, लबाडी नाही. थांब.

…

पहिली गेली. … हो, गेली म्हणजे नाही झाली. खोकली नुसती. महादेवअण्णांनी गाडी बांधायला दोर उलगडायला सांगितला माणसांना… मी रडत नाहीये! पिस्टन बरोबर वर आणायला पाहिजे होता, घाई केली. … अप्पा, नका येऊ जवळ. पुन्हा मीच.

…

…

आत्या! आत्या, ऐकतेस? ऐक! ऐकू येतंय? … हो! हो, तीच! … धूर बघायला हवा होतास, म्हणजे नाहीच आहे धूर! अंबूताई गच्चीवर आल्यात, नाक वर करून! … काय? मोठ्यानं बोल! … काय म्हणालीस? … परत बोल, मला नीट ऐकायचंय!

… 'गाडी देत नाही.' हां! हेच! पण मला काय सांगतेस, मी थोडीच टेम्पो आणलाय? शब्द तू त्यांना दिला होतास, मोडायचाही तूच. … लाज वाटते? वाटू दे थोडी. मला भुवई गेली तेव्हा वाटली होती. … देते, देते. नीट कन्नडमध्ये सांग हं, आणि दिव्याचंही सांग.

महादेवअण्णा, बर्री. आमच्या आत्या आहेत फोनवर, धारवाडहून. तुमच्याशीच बोलायचंय त्यांना. … नाही हो, इंजिन नाही बंद करणार. तुम्हीच मोठ्यानं बोला.