सकाळच्या शॉटचे चार सेकंद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, स्टुडिओतले माझे सगळे सहकारी, आणि गळ्यातला हार सांभाळत अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, आपले कॅमेरामन दादा,

एडिटिंगच्या टेबलावरून दादांविषयी दोन शब्द बोला, असं मला सांगितलं गेलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कापणाऱ्या बाईच्या हाती माइक देणं हे धाडसच, पण दिलाच आहे तर बोलते.

आपल्या मालिकेतलं घर तुम्हाला तोंडपाठ आहे. त्याचा दिवाणखाना म्हणजे इथलाच, दोन नंबरच्या फ्लोअरवरचा सेट. स्वयंपाकघराला तर चौथी भिंतच नव्हती. मग बाहेरून दिसणारं ते घर कुणाचं? ठरलेल्या बंगल्याच्या मालकाने ऐन वेळी हात वर केले, तेव्हा दादा म्हणाले, "माझी बिल्डिंग घ्या की!" समोरच्या गच्चीवरून एका दिवसात त्यांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र टिपली आणि आम्ही ती अकरा वर्षं पुरवली. घर दिसलं की प्रेक्षक ओळखायचे, सकाळ झाली, आता सासूबाई कडाडणार. तेव्हापासून आपण दादांना 'घरमालक' म्हणून चिडवतो.

सकाळचा तो शॉट मुळात बावीस सेकंदांचा होता. पाचव्या सेकंदाला दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचं दार उघडतं. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, बाहेर येतात, कठड्यावर टॉवेल वाळत घालतात, डोळ्यांवर हात धरून समोर बघतात आणि गच्चीवरच्या नवऱ्याला हातवारे करून विचारतात, चहा टाकू का? मी बघितलं, हसले आणि कापलं. चार सेकंद ठेवले. घर कुठलं, वेळ कोणती, एवढं कळलं की अशा शॉटचं काम संपतं. कथेतल्या घरात चहाचं विचारणारी अशी बाई कुठे होती?

तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. पंधरा दिवसांनी दादा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "तो सकाळचा शॉट अख्खा आहे का गं? फोटो पुष्कळ आहेत तिचे. पण चालतेय, बोलतेय, असं काहीच नाही. सगळ्या जगाचं शूटिंग केलं मी, घरचं राहून गेलं."

मी म्हटलं, "शोधते." आठवड्याने सांगितलं, तळघरात पाणी शिरलं होतं, जुन्या टेप खराब झाल्या. त्यावर यांनीच माझी समजूत घातली. "असू दे, पाण्यापुढे कुणाचं काय चालतंय?"

अध्यक्ष महोदय, पाणी शिरलं नव्हतं. काम झालेल्या टेप पुसून पुन्हा वापरायची तेव्हा आपल्याकडे पद्धत होती. कुठली टेप पुसायची त्याची चिठ्ठी एडिटर लिहायचा. त्या टेपची चिठ्ठी माझ्या हातची आहे. तिच्यावर आम्ही चौकातली रहदारी भरली. तीही पुढे वापरली नाही.

हे त्याच दिवशी सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? भित्री होते म्हणून. नंतर रोज कँटीनमध्ये समोरासमोर बसलो आणि रोज ते आणखी अवघड होत गेलं. दादा, मला याची फार लाज वाटते.

गेले दोन महिने मी मालिकेचे सगळे भाग पुन्हा पाहिले. एका भागात सासूबाईंचा संवाद कमी पडला होता, म्हणून तो शॉट मी सहा सेकंद ठेवला होता. दार उघडतं, टॉवेल धरलेला एक हात बाहेर येतो. कोपरापर्यंत. हिरव्या बांगड्या स्पष्ट दिसतात. चेहरा यायच्या आत मीच कापलंय. तेवढे सहा सेकंद पेनड्राइव्हवर घेऊन या पाकिटात आणले आहेत. याहून जास्त माझ्याकडे काही उरलेलं नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला बोलू दिलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. त्या दुसऱ्या, खोटं बोलल्याच्या चुकीची माफी मात्र सभागृहाकडे मागून चालणार नाही. दादा, मी खाली येते आहे. तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसते. बसू का, तेवढं सांगा.