वा म्हनायचं ऱ्हायलं

मी मूळचा विट्याकडचा. तिकडं पाऊस नावाला, म्हनून आमच्या भागातली मानसं गलाईच्या धंद्याला परमुलखात पांगली, गलाई म्हंजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. मी चौथी नापास, चुलत्याबरोबर मद्रासला आलो तो आजतागायत हितंच. खाली भट्टी आन् वर ऱ्हायची खोली, पन्नास वर्सं मान खाली घालून सोनं वितळायच्या मुशीत बघितलं, काय सांगू तुम्हाला, ह्या गावाला समुद्र हाय हे मला लग्नानंतर बायकोनं दावलं.

अनुसया तिचं नाव. शाळा बघितलेली न्हाई, पर ओव्या सोताच्या रचायची. पाखरू बसलं की ओवी, ढग आला की ओवी. नवी आली तवा तमिळचा गंध न्हाई. एकदा दारात भाजीवाली आली, पाटीत कवळी जांभळी वांगी, ही आपली म्हनली वा! तमिळात वा म्हंजे ये. ती बाई पाटी घेऊन थेट चुलीपाशी येऊन बसली. आख्खी गल्ली हसली. ही मला म्हनली, बघा, हितं वा म्हटलं की मानूस येतं, माझ्या ओवीला तुमी एकदा म्हना की. मी म्हटलं, खाली मुशीत सोनं पातळ झालंय, गप बस. आता खरंच हाय, सोनं पातळ झालं की नजर हलवून चालत न्हाई. पर दिवसभर का सोनं पातळ असतंय? मी मुळातच दगड.

गेल्या साली ती गेली. पोरगा कंप्युटरवाला, मद्रासच्याच कडंला शोळिंगनल्लूरला अकराव्या मजल्यावर ऱ्हातो, तो मला घेऊन आला. हितं काम न्हाई, भट्टी न्हाई. मंग तिच्या ओव्या आठवाव्या वाटल्या, तर डोकं रिकामं. शेकड्यानं कानावरनं गेल्या आन् एकच ऱ्हायली, ती बी मोडकी. तळ्याच्या पान्यामंदी आभाळ आलं न्हाया, कुनी बोलावलं त्याला... फुडं न्हाई. पोराला इचारलं, तो म्हनला, अप्पा, आई म्हणायची खरं, पण मला तेवढं मराठी कुठं कळतं? त्याचं बी खरं. अहो, भट्टीपुढची झाडलेली धूळ आमी जाळायचो आन् त्यातनं कनभर सोनं काढायचो. आन् हिचं आख्खं बोलनं मी झाडून टाकलं. धूळसुदिक ऱ्हायली न्हाई.

बिल्डिंगीमागं तळं हाय, हितं एरी म्हनत्यात. उजाडलं की जाऊन बसायचो, दुसरं काय करनार. त्या दिवशी, थंडीचे दिवस व्हते, बघतो तर पान्यात पाखरंच पाखरं, उंच, पांढरी, पंखाच्या कडंला गुलाबी, समदी एका पायावर. नाव मला ठाऊक न्हाई. वारं न्हाई, आवाज न्हाई. पानी असं थिर की वरचं आभाळ कंचं आन् खालचं कंचं ते कळंना. मला वाटलं मी श्वास घेतला तर हे समदं मोडंल. मुशीपुढं बी मी इतका गप कधी झालो न्हाई. आन् मंग कुनी हाळी दिल्यागत समदी एकदम उठली, पंखांच्या आत लालभडक, आख्खं तळंच वर गेल्यावानी. माझ्या तोंडातनं निघालं, वा! मोठ्यानं.

तिथं म्हशीसाठी गवत कापायला एक बाई येती, सेल्वी. तिनं इळा थांबवला. तात्ता, यारै कूप्पिडुरींग? म्हंजे आजोबा, कुनाला बोलवताय.

पन्नास वर्सं दोन्ही वा माझ्या तोंडात, पर एकमेकाला कधी भेटले नव्हते.  म्हटलं, बायकोला. बाई हसली न्हाई. म्हनली, मंग जरा मोठ्यानं बोलवा तात्ता, म्हातारपनी ऐकू कमी येतं.

ओवीचा शेवट अजून गावला न्हाई, आता गावायचा बी न्हाई. पाखरं कधी असत्यात, कधी नसत्यात. मी रोज जातो, पान्याकडं बघत ओवी म्हनतो, आन् जिथं ती तुटती तिथं वा म्हनतो. तुमी माझं हे बोलनं लिहून घेताय, देव तुमचं भलं करो, तुमची मंडळी सुखी ऱ्हावोत. पर ओवी लिहाल तवा फुडली जागा मोकळी सोडा. तिथं तुमच्या मनचं काय भरू नका.