एकाच नावाची दोन माणसं

तपासनीस: म्हणजे या घरात पुरुष एकच आहे.

टेलरबाई: एकच आहे, साहेब. आणि जागा पाहता तोही जरा जास्तच होतो.

तपासनीस: आमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने दोन आहेत. एक भाडेकरू आणि एक नवरा. दोघांचं नाव एक, जन्मतारीख एक, नोकरीसुद्धा एकाच लिफ्ट कंपनीत.

भाडेकरू: ते दोघंही मीच. बसा ना. पाणी आणू? तीन जिने चढून आलात.

तपासनीस: लिफ्ट बंद आहे तुमची.

टेलरबाई: लिफ्टचा मेकॅनिक राहतो ना इमारतीत, मग चालू कशी असेल.

भाडेकरू: पार्ट मागवलाय.

टेलरबाई: हे मी थंडीपासून ऐकतेय. साहेब, त्या खुर्चीवर नको, टाचण्या आहेत. शाळेचे गणवेश घेतलेत शिवायला, घरभर टाचण्याच टाचण्या. इकडे बसा.

तपासनीस: बसतो. तर बाई, आधी हे दोन पुरुषांचं निस्तरू. एकटीने मूल वाढवणाऱ्या पालकाला आमच्या करखात्याकडून दरमहा जी सवलत खात्यात जमा होते, ती तुम्ही घेता.

टेलरबाई: घेते. घटस्फोट झाल्यापासून. कागद दाखवू?

तपासनीस: आहेत आमच्याकडे. मग दीड वर्षापूर्वी तुम्ही आपण होऊन कळवलंत की घरात भाडेकरू ठेवलाय, त्याचं भाडं माझ्या उत्पन्नात धरा.

टेलरबाई: धरायलाच हवं ना. पैसे येतात तर सांगायला नको?

तपासनीस: कुणी सांगत नाही हो, बाई. तिथेच आमचा कॉम्प्युटर गडबडला. त्याने भाडेकरूचं नाव पाहिलं, जुन्या नवऱ्याचं नाव पाहिलं, आणि ठरवून टाकलं की नवरा परत आलाय, शिवाय भाडेकरूही आहे. दोघांचे पगार तुमच्या कमाईत मिळवले आणि दीड वर्षाची सवलत परत मागितली.

टेलरबाई: मागितली कसली, धमकावलंच. फसवणूक असा शब्द होता त्या पत्रात. वाचलं तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या. हेल्पलाइनवर फोन करकरून बोटं झिजली. तिथली मुलगी मला म्हणते, मॅडम, दोघांपैकी एकाला बाहेर काढा, मग बघू.

भाडेकरू: ही मला येऊन विचारते, कोणता जाणार.

टेलरबाई: तू गप्प बस. तुझ्यामुळेच झालंय हे.

तपासनीस: नाही, हे आमच्यामुळे झालंय. दुसरा माणूस आमच्या कचेरीतून आला, तो मी आत्ता काढून टाकतो. हा बघा, गेला.

भाडेकरू: सुटला बिचारा.

तपासनीस: आता उरला एक. प्रश्न एवढाच, की उरलाय तो कोण. भाडेकरू असेल तर तुम्ही आम्हाला काही देणं लागत नाही, सवलत चालू राहील. पण नवऱ्यासारखा राहत असेल, तर तेव्हापासूनची सवलत परत करावी लागेल. आणि ते जाणूनबुजून लपवलं असेल तर वर दंड, आणि तो शब्द.

टेलरबाई: कोणता शब्द?

तपासनीस: पत्रातला.

टेलरबाई: साहेब, ते पैसे मी काय डब्यात घालून ठेवलेत? मुलीच्या वसतिगृहात गेले, घरभाड्यात गेले, या मशिनच्या हप्त्यात गेले. परत द्यायचे म्हणजे मशिन विकायचं. मग खायचं काय, टाचण्या?

तपासनीस: म्हणून तर पत्रापत्री सोडून घरी आलो. घाबरू नका, विचारतो ते सांगा. वेगळे का झालात? विचारावं लागतं, रागावू नका.

टेलरबाई: याची नोकरी गेली.

तपासनीस: एवढ्यावरून?

टेलरबाई: नोकरी गेली म्हणून नाही. गेली ते सांगितलं नाही म्हणून. रोज सकाळी बॅग खांद्याला लावून निघायचा. मी डबा भरून द्यायची, हा बस स्टँडवर बसून खायचा. पगाराच्या दिवशी मित्राकडून उसने आणून माझ्या हातावर ठेवायचा. वर म्हणायचा, या महिन्यात जरा कापलेत गं.

भाडेकरू: चार महिने चाललं ते.

टेलरबाई: सहा.

भाडेकरू: सहा.

टेलरबाई: मला कळलं कुणाकडून, तर एका गिऱ्हाइकाकडून. पँटची चेन बदलायला आली होती. म्हणते, तुमचे मिस्टर फार चांगले हो, स्टँडवर सगळ्यांना गाड्यांच्या वेळा सांगत असतात. मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. याने सांगितलं असतं तर मी चार पैसे कमी खर्च केले असते, चार कपडे जास्त शिवले असते. पण मला येडं बनवून ठेवलं घरात.

भाडेकरू: तुला काळजी नको म्हणून नाही सांगितलं.

टेलरबाई: हो, फार हलकी झाले मी त्याने.

तपासनीस: बरं. मग परत कसे आलात तुम्ही?

भाडेकरू: ज्या खोलीत राहत होतो ती मालकाने विकली. तोवर कामाला लागलो होतो, पण जागा मिळेना. हिला म्हटलं, दोन आठवडे टेकू दे.

टेलरबाई: मी म्हटलं, टेक, पण भाडं देऊन. आगाऊ. आणि झोपायचं शिवणाच्या खोलीत, खाटेवर. पावती देते मी दर महिन्याला.

तपासनीस: हे अगदी भाडेकरूसारखंच झालं. उत्तम. जेवण?

भाडेकरू: भाड्यात धरलंय.

तपासनीस: कपडे कोण धुतं?

टेलरबाई: मीच. याला देऊन बघा, एकदा पांढरे गणवेश गुलाबी केले होते याने. अख्ख्या वर्गाचे.

तपासनीस: औषधपाणी?

टेलरबाई: रक्तदाबाची गोळी आहे सकाळची. विसरतो. चहाच्या बशीत ठेवावी लागते, नाहीतर खिशात घालून हिंडवतो दिवसभर.

तपासनीस: बाई, भाडेकरूबद्दल तुम्हाला बरीच माहिती आहे.

टेलरबाई: पंधरा वर्षं नवरा होता तो. ती कुठे जाते लगेच?

तपासनीस: तेही खरंच. चला, ती खोली तेवढी दाखवा, की माझं काम झालं.

(तिघं शिवणाच्या खोलीत जातात.)

तपासनीस: ही खाट तुमची?

भाडेकरू: माझीच.

तपासनीस: हिच्यावर गणवेशांचा ढीग आहे.

टेलरबाई: शाळांचं काम आलंय ना.

तपासनीस: उशी दिसत नाही. पांघरूणही नाही. आणि ढिगावर बॉबिनचा डबा, त्याच्यावर इस्त्री. हे सगळं तुम्ही रोज रात्री उचलता?

भाडेकरू: छे हो. मी खाली झोपतो, फरशीवर. पाठ धरते माझी. डॉक्टर म्हणाले, कडक जागेवर झोपा.

तपासनीस: पाठ. बरं. पाठ धरते म्हणून फरशीवर. पटण्यासारखं आहे. मग संपलंच, बाई. दुसरा माणूस रद्द, पहिला भाडेकरू, सवलत चालू. एक सही द्या, मी निघतो. उतरायचेही तीन जिनेच आहेत.

टेलरबाई: थांबा. ते पाठीचं लिहू नका.

भाडेकरू: अगं.

टेलरबाई: ठणठणीत आहे त्याची पाठ. परवाच खालच्या आजींचं लोखंडी कपाट एकट्याने वर चढवलं.

भाडेकरू: कशाला बोलतेस? तुझं मशिन जाईल. मी तुझ्यासाठी बोललो ते.

टेलरबाई: तेव्हाही माझ्यासाठीच बोलत होतास.

तपासनीस: बाई, हे मी ऐकलं नाही असं धरू का? मला जमेल ते. वर्षानुवर्षं जमवलंय.

टेलरबाई: ऐका, साहेब. तो आत झोपतो. माझ्या खोलीत. शनिवारी मुलगी वसतिगृहातून येते तेव्हा हा ढीग उतरवतो, उशी आणून ठेवतो आणि इथे झोपतो. सोमवारी ती गेली की ढीग परत खाटेवर.

तपासनीस: म्हणजे मुलीला माहीत नाही?

टेलरबाई: नाही.

भाडेकरू: असेल. ती काय दूधखुळी आहे?

टेलरबाई: असेल तर तिने विचारलं नाही, ते आणखी वाईट.

तपासनीस: मग मला तारीख लागेल. भाडेकरूचा नवरा कधी झाला, ती. तिथपासूनची सवलत परत घेणार आम्ही.

टेलरबाई: मुलगी वसतिगृहात गेली तो आठवडा. शाळा उघडली तेव्हा. घर खायला उठलं होतं मला. हा बाहेरच्या खोलीत खोकत होता, म्हटलं आत येऊन खोक.

भाडेकरू: त्याच्याही आधी.

टेलरबाई: काय आधी?

भाडेकरू: माझी निळी पँट ढिली झाली होती. मी सांगितलं नव्हतं, तरी तू कंबर आत घेऊन, इस्त्री करून खाटेवर ठेवलीस. मला तर तेव्हाच वाटलं की परत आलो.

टेलरबाई: अरे बाबा, त्या पँटने परतफेडीचे तीन महिने वाढतील. गप्प बस.

तपासनीस: पँट धरत नाही आम्ही. खोकला धरतो.

भाडेकरू: साहेब, मी काय म्हणतो. मी आजच बाहेर पडलो तर? सामान एका बॅगेत मावतं माझं. मग हिची सवलत बंद करायची गरज नाही ना?

तपासनीस: पुढची बंद होणार नाही. मागचं मात्र द्यावं लागेल.

भाडेकरू: मागचं मी ओव्हरटाइम करून भरेन. मग निघतोच मी. काय गं?

टेलरबाई: परत सकाळी बॅग घेऊन निघायचं? मी डबा भरून देऊ? कुठे बसशील, त्याच बाकावर?

भाडेकरू: या वेळी तुला माहीत असेल ना, कुठे बसलोय ते.

टेलरबाई: मला नको आहे ते. सवलत जाऊ दे, पण तू बॅगेला हात लावू नकोस.

तपासनीस: बाई, शेवटचं विचारतो, आणि नीट सांगा, कारण यावरच सगळं आहे. भाडं कळवलंत, मग हे का नाही कळवलंत? पैशासाठी?

टेलरबाई: पैसे कुणाला नको असतात, साहेब. नाही म्हटलं तर खोटं होईल. पण त्यासाठी नाही. भाडेकरू म्हटलं की कसं, तो उद्या गेला तर जागा रिकामी झाली एवढंच. नवरा आला म्हणून सगळ्यांना सांगायचं, आणि हा परत एक दिवस काहीतरी लपवणार, मग मी कुणाकुणाला तोंड दाखवू? तुम्हाला कळवणं म्हणजे मलाच कबूल करणं की हा आलाय. माझी हिंमत होत नव्हती. भीती वाटायची, अजूनही वाटते.

भाडेकरू: मला कधी बोलली नाहीस.

टेलरबाई: आपण दोघं कुठे काय बोलतो.

तपासनीस: आमच्याकडे दोनच रकाने आहेत, बाई. चूक आणि फसवणूक. भीतीचा रकाना नाही.

टेलरबाई: मग काय लिहिणार?

तपासनीस: चूक. भाडं आपण होऊन कळवलंत, आज तोंडावर खरं सांगितलंत, आणि पहिला घोळ तर आमचाच. मोठे साहेब विचारतील, त्यांना मी बघून घेईन. दंड नाही. शाळा उघडल्यापासूनची सवलत हप्त्याहप्त्याने परत द्यायची, मशिन विकायची गरज पडणार नाही असे हप्ते लावून देतो. सवलत आजपासून बंद. नवा अर्ज दोघांच्या नावाने करा, थोडीफार मिळेल.

भाडेकरू: दोघांच्या नावाने.

तपासनीस: हो. खाली सह्याही दोघांच्या लागतात. बरं, येतो मी. आणि तो पार्ट आला की लिफ्टचं तेवढं बघा.

टेलरबाई: साहेब, कठडा धरून उतरा, दुसऱ्या मजल्यावर दिवा नाही.

भाडेकरू: गेले. चांगला माणूस होता.

टेलरबाई: हं.

भाडेकरू: रागावलीस? पाठीचं आपसूक आलं तोंडातून. आता तुला वाटत असेल, हा काही सुधारायचा नाही.

टेलरबाई: वाटलं. मग तू पँटचं बोललास. पदरचे पैसे जाणार, तरी बोललास.

भाडेकरू: ते खरं होतं.

टेलरबाई: माहितीये. आज कोण वार?

भाडेकरू: शनिवार. येईलच ती आता. ढीग उतरवू खाटेवरचा? उशी आणतो.

टेलरबाई: राहू दे.

भाडेकरू: अगं, मग तिला सांगावं लागेल. तू सांग. तुझ्यावर विश्वास आहे तिचा.

टेलरबाई: नाही. तू सांग. मी शेजारी बसते.