खिडकीजवळची कॉट

...नाही, पण मला सांगा, ज्या माणसाला स्वतःच्या मोबाइलचा अलार्म बंद करायला बायकोला हाक मारावी लागते, त्याला तुम्ही अध्यक्ष करता? आणि कसला, तर डॉक्टर होणाऱ्या पोरांनी वॉर्डात हातात घेऊन फिरायचं यंत्र कुठलं घ्यावं, ते ठरवणाऱ्या समितीचा. का, तर मी मीटिंगला गेलो नाही. जो येत नाही त्याला अध्यक्ष करायचं ही आमच्या कॉलेजची पद्धतच आहे, मी स्वतः कितीतरी जणांना असंच अध्यक्ष केलंय, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार. मेडिसिनचा प्रोफेसर मी, उभा जन्म गेला पेशंटच्या उशाशी, पोरांना ओरडून ओरडून एकच सांगत आलो की आधी पेशंटच्या तोंडाकडे बघा, आणि आता माझ्याच टेबलावर तीन यंत्रं मांडलेली आणि कंपनीचा माणूस समोर हसतोय.

पहिलं यंत्र एवढं मोठं की एप्रनच्या खिशात जाईना. पोरं ते काखेत मारून फिरायला लागली, तर एका आजोबांनी विचारलं, "चहा आणला का रे?" दुसरं खिशात जायचं, पण हातमोजे घातले की ओळखच द्यायचं नाही, आणि अक्षरं अशी की मुंग्या बऱ्या. शिवाय आमचा एक विद्यार्थी आहे, लंबू म्हणतात त्याला, त्याने ते हात धुताना बेसिनमध्ये पाडलं. कंपनीचा माणूस म्हणाला होता, "सर, पाण्यात पडलं तरी काही होत नाही." खरंच, त्यानंतर त्याच्यावर काहीच झालं नाही, नुसता काळा स्क्रीन.

राहिलं तिसरं. राखाडी, तळहाताएवढं, हातमोजे घालूनही चालायचं, स्पिरिटने पुसलं तरी चालायचं. ते हातात देताना मात्र कंपनीचा माणूस हसायचा थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, हे जरा वेगळं आहे. हे आपलं आपण शिकतं." मी म्हटलं, बरं झालं, या कॉलेजात कोणीतरी शिकतंय.

आता मधेच एक सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गेले काही आठवडे मला जिना चढताना छातीत जड व्हायचं. वळणावर थांबायचो, घाम पुसायचो, डावा जबडा ठणकायचा, आणि कोणी आलंच तर भिंतीवरची नोटीस वाचत असल्यासारखं करायचो. दुसरा कोणी हे सांगत आला असता तर मी त्याला पाऊल उचलू दिलं नसतं, तिथेच आडवा केला असता. पण स्वतःच्या छातीला मी काय म्हणत होतो? गॅस. बायकोला तेही सांगितलं नव्हतं, कारण तिला सांगितलं की चालणं बंद, मीठ बंद, आणि निवृत्तीनंतर मुलीकडे जाऊन राहायचं ठरवलं होतं तेही बंद.

तर आता यंत्राची चाचणी घ्यायची. त्यात खऱ्या पेशंटची माहिती भरायची नाही असा नियम, आणि तो बरोबरच आहे. मग खोटा पेशंट बनवा. मी बसलो बनवायला. वय काय लिहू, म्हटलं माझंच लिहा. धंदा काय, शिक्षक. तक्रार काय... तुम्हाला सांगतो, दुपारची वेळ, डोळ्यांवर झापड, दुसऱ्याची छाती मी कुठून आणणार? लिहून टाकलं, जिना चढताना छातीत जड वाटतं. आणि कॉट दिली खिडकीजवळची. तिचं एक चाक निखळलेलं, म्हणून कोणाला देत नव्हतो. कॉट रिकामी होती. हे लक्षात ठेवा, कॉट रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेलो. आमची एक चष्मेवाली विद्यार्थिनी आहे, फार प्रामाणिक पोर, ती त्या कॉटपाशी ताठ उभी राहून यंत्रात बघून वाचायला लागली. "सर, पेशंटला काल संध्याकाळी जिन्याच्या वळणावर थांबावं लागलं. डाव्या जबड्यात दुखलं. कोणीतरी आलं म्हणून त्याने भिंतीवरची नोटीस वाचत असल्यासारखं केलं."

मी म्हटलं, "हे कोणी भरलं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. लंबू म्हणाला, "सर, आम्हाला वाटलं तुम्हीच." मी? काल संध्याकाळी त्या जिन्यावर मी होतो, हे खरंय, पण वर आलेला माणूस होता लाँड्रीवाला, त्याच्या डोक्यावर चादरींचा गठ्ठा होता, त्याला मी दिसलोही नसेन. मी ओरडलो, चेष्टा करता का म्हणून. मग दम लागला, मग ओरडायचा थांबलो.

तेवढ्यात वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आल्या. त्या म्हणाल्या, "सर, या कॉटवर पेशंट घेतलात तर मला सांगायचं तरी." मी म्हटलं, अहो, कॉट रिकामी आहे. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. चादर चुरगळलेली. उशीला मधोमध खळगा, डोक्याएवढा. सिस्टर म्हणाल्या, "सकाळी मी स्वतः ताणून घातली होती." मी हात लावून बघितला. लावायला नको होता... उशी कोमट होती. आता तुम्ही म्हणाल, खिडकीतून ऊन आलं असेल. मीही तेच म्हटलं. ती खिडकी उत्तरेची आहे.

ते यंत्र मी काढून घेतलं, माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. म्हटलं, आता बघू कोण भरतंय. सकाळी राउंडच्या आधी मी स्वतः कुलूप उघडलं, चष्मेवालीच्या हातात यंत्र दिलं आणि म्हटलं, वाच. तिने वाचलं. "पेशंट काल जेवणावरून उठून गॅलरीत गेला. शर्टाचं वरचं बटण काढून बसला. पत्नीने विचारलं तेव्हा म्हणाला, उकडतंय. पत्नीपासून लपवतो."

ते वरचं बटण, तुम्हाला सांगतो, त्या वेळीसुद्धा उघडंच होतं. मी हळूच लावून घेतलं.

आणि पोरं काय करतात? चर्चा. लंबू म्हणतो, "सर, असले पेशंट फार हट्टी असतात ना? स्वतः मरतात आणि घरच्यांना धक्का देतात." दुसरी पोरगी म्हणते, शिकलेले तर जास्तच. चष्मेवाली म्हणते, "सर, याचा ईसीजी काढायला हवा, याला फार दिवस नाहीत." सगळी त्या यंत्रावर माना घालून उभी, डोळ्यांत पाणी येईल इतकी काळजी, आणि ज्याची काळजी तो त्यांच्यासमोर घामाने भिजलेला, कॉटचा दांडा धरून उभा, त्याच्याकडे एकाचंही लक्ष नाही. कॉट रिकामी, आणि पोरं तिच्याकडे बघून हळहळतायत. मला इतका राग आला, आणि खरं सांगू, त्याच्याहून जास्त भीती वाटली.

मी कंपनीच्या माणसाला बोलावलं. म्हटलं, हा पेशंट पुसून टाक. त्याने बरीच बोटं फिरवली आणि म्हणाला, "सर, यात पेशंट पुसता येत नाही. तो वॉर्डातून बाहेर पडला तरच जातो." म्हटलं, मग बाहेर काढ. "दोनच रस्ते आहेत सर. डिस्चार्ज, नाहीतर..." असं म्हणत त्याने शेजारचं दुसरं बटण दाखवलं. म्हटलं, डिस्चार्ज कर. त्याने केलं. यंत्राने घेतलं नाही. डिस्चार्जसाठी आधी ईसीजी जोडा म्हणे. दुसऱ्या रस्त्यासाठी काहीही जोडायला लागत नव्हतं. ते बटण सारखं उजळत होतं, मंद, श्वास घेतल्यासारखं, आणि कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, माझं बोट नाहीये तिथे."

आता मला सांगा, काय करणार? जो पेशंट नाहीच त्याचा ईसीजी कुठून आणणार? लंबू म्हणाला, "सर, माझा काढा." मी हो म्हणणार होतो. पण तो विशीतला धडधाकट पोरगा, आणि माझी नजर गेली त्या उशीकडे. सिस्टरनी ती सकाळीच बदलली होती, पुन्हा खळगा पडला होता, आणि तो खळगा मला ओळखीचा वाटला. घरी रोज सकाळी तसाच बघतो. म्हटलं, जाऊ दे, माझाच काढा. तेवढं एकदा जोडा आणि मिटवा हे प्रकरण. शर्ट काढला आणि चढलो त्या कॉटवर. डोकं टेकलं, तर उशी बरोबर बसली.

चष्मेवालीने वायरी लावल्या. प्रत्येक वायरीला 'सॉरी सर' म्हणत होती, प्रोफेसरच्या छातीला हात लावायचा म्हणजे काय. ईसीजीची पट्टी सर्रकन बाहेर यायला लागली. आधी कोणीतरी खोकलं. मग कोणी खोकेना. सिस्टरनी पट्टी हातात घेतली आणि माझ्यापासून बाजूला धरली, पण मला दिसलीच. ती पट्टी मी दर वर्षी परीक्षेत दाखवतो. जो ओळखत नाही त्याला नापास करतो.

आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा पहिल्यांदा त्या सगळ्या पोरांनी यंत्रावरून मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. जे मी एवढी वर्षं ओरडून शिकवत होतो ना, ते. मला फार बरं वाटलं. मग छातीवर कोणीतरी धान्याचं पोतं ठेवलं आणि पुढचं मला नीट आठवत नाही.

वाचलो. दिसतंच आहे तुम्हाला. वेळेवर नेलं म्हणे, आणखी थोडा उशीर झाला असता तर त्या दुसऱ्या बटणाला कोणाच्या बोटाची गरजच पडली नसती. शुद्धीवर आलो तर उशाशी बायको. शेजारी पिशवी, तिच्यात माझा टॉवेल, ब्रश, चष्म्याचं घर, सगळं नीट भरलेलं. मी विचारलं, "तुला कोणी कळवलं?" कारण सिस्टर म्हणत होत्या, आम्ही फोन करायच्या आधीच तुमच्या मिसेस वॉर्डात येऊन उभ्या होत्या.

ती म्हणाली, "सकाळी फोन आला होता ना. म्हणाला, खिडकीजवळच्या कॉटवरून बोलतोय. जिन्यावरचं सांगितलं, जबड्याचं सांगितलं, सगळं सांगितलं, माफी मागितली, आणि म्हणाला, पिशवी भरून ये. अहो, आवाज अगदी तुमचा होता. पण बोलणं इतकं शहाणपणाचं होतं, की मला तेव्हाच संशय आला, हे तुम्ही नव्हेत."

मी तिला सांगितलं, सकाळी कॉट रिकामी होती. ती म्हणाली, "असेल." आणि माझा चष्मा पुसायला लागली.

यंत्र कुठलं घेतलं म्हणता? तिसरंच. अहवालात लिहिलं, खिशात मावतं. दुसरं काय लिहिणार? तो पेशंट मात्र मी काढू दिला नाही. आता रोज वॉर्डात गेलो की पोरांच्या आधी मीच ते हातात घेतो, चष्मेवालीपुढे धरून म्हणतो, बाळ, जरा बघ, आज कसा आहे मी? ते सांगतं. मग त्याप्रमाणे जिना चढतो, नाहीतर लिफ्टने जातो.